दुहेरी नऊ

४ जानेवारी
सापडला! बँकेतून आणलेल्या पिशव्यांमधली अडीच हजार नाणी चाळली, सगळी एका छापाची — आणि आज एकावर सालातला नऊ दुहेरी! ठसा घडवताना दुसरा दाब केसभर सरकला, की त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर आकड्याला अशी दुसरी कड येते. हा प्रकार कुठल्याच यादीत नाही. बत्तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली, सांडलेला अनुस्वार पकडला. नजर फुकट गेली नाही म्हणायची.
हिला सांगितलं. शिवणावरून मान वर न करता म्हणाली, "बरं झालं. आता जेवून घ्या."

११ जानेवारी
रविवारची बैठक. ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत आम्ही सात म्हातारे, सात भिंगं. नाणं मास्तरांच्या हातात दिलं. चित्रकला शिकवायचे, आता आमच्या नाणेसंग्राहक मंडळाचे चिटणीस, आणि सव्वीस वर्षांचे माझे मित्र. ते "हो" म्हणाले की प्रकार यादीत चढतो.
फार वेळ पाहिलं त्यांनी. मग म्हणाले, "घरी नेतो. नीट बघून सांगतो."

१४ जानेवारी
आणखी दोन! एकाचा नऊ, एकाचा सहा. नाणी जमवायला लागल्यापासून चाळीस वर्षांत एक नाही आणि दहा दिवसांत तीन. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो!

१८ जानेवारी
मास्तरांनी नाणं परत दिलं. "काही नाही रे यात. साधं आहे."
मी तिथंच भिंग लावलं. दुहेरी! स्पष्ट दुहेरी! बाकीच्यांनी आळीपाळीने पाहिलं आणि नाही म्हणून माना हलवल्या. नंतरची दोन्ही साधीच म्हणे.
मग माझा तोल गेला. सगळ्यांदेखत बोललो — "मास्तर, तुम्हाला जन्मात एक नवा प्रकार सापडला नाही, म्हणून माझा डोळ्यात खुपतोय!"
मास्तरांनी टोपी घातली आणि ते जिना उतरले.

१९ जानेवारी
जेवण गेलं नाही.

२ फेब्रुवारी
"चहा बशीत ओतताय की टेबलावर?" असं म्हणून हिने आज डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलंच. डावा डोळा लहानपणापासून अधू, सगळी भिस्त उजव्यावर. त्यातच मोतीबिंदू.
"एकाची दोन दिसतात ना?"
मी विचारलं, नाण्यावरचा आकडासुद्धा?
"आकडा, दिवा, बायको — सगळंच!"
ही हसली. मला हसू आलं नाही.
घरी येऊन हाताला लागेल ते नाणं उचललं. प्रत्येक नऊला दुसरी कड. प्रत्येक!
म्हणजे मास्तर खरं बोलले होते. आणि मी काय बोललो त्यांना!

२० फेब्रुवारी
ऑपरेशन झालं. पट्टी आहे. हे अंदाजाने लिहितोय.

२७ फेब्रुवारी
दुहेरी गेलं. पण जिथं बघावं तिथंच मधोमध धुकं. बाई म्हणाल्या, मागचा पडदा झिजलाय, मोतीबिंदूआड कळलं नव्हतं. पडदा बदलता येत नाही.
"वाचता येईल?"
"मोठी अक्षरं येतील."
भिंगाचं मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. आता जाड पेनाने लिहितो. ओळी डोंगर चढतात, ही म्हणते.

८ मार्च
मास्तरांकडे गेलो. हिने कोपर धरलं होतं. नाण्यांचे चौदाही ट्रे रिक्षातून नेले, तीनही भिंगं, माझ्या याद्यांच्या वह्या.
"मास्तर, चुकलो. माझी नजरच खोटी निघाली. हे सगळं तुमच्याकडे राहू दे. मंडळासमोरही माफी मागतो."
"अरे, हे कशाला... नको रे."
"घ्या. मला आता काय उपयोग?"
त्यांचा चेहरा कसा झाला होता, मला दिसला नाही. हात हातात घेतला तर गार लागला. वाटलं, अजून रागावलेत. चहा न घेता निघालो.

१५ मार्च
रविवार. बैठकीला गेलो नाही. रविवार किती लांबतो!

१७ मार्च
दुपारी मास्तर आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. माझ्या तळहातावर एक नाणं ठेवलं.
"तुझं पहिलं खरं होतं. मी परत दिलं ते बदलून, माझ्याकडचं साधं. तू माफी मागितलीस, तेव्हापासून झोप नाही."
एवढं बोलून गेले.
भिंग घरात उरलं नव्हतं. हिने सुईत दोरा ओवायचा चष्मा लावला, नाणं खिडकीशी नेलं, तिरकं धरलं. "अगंबाई... आहे हो! कड आहे!"
मग खाली बघून म्हणाली, "रस्त्यावरच उभे आहेत ते. हाक मारू?"
मी हात पुढे करून नाणं परत घेतलं.
थोड्या वेळाने तीच म्हणाली, "गेले."