एकोणीस पानं आणि एक आइसबॉक्स

१२ मार्च २०११, शनिवार

आज स्वयंसेवक अग्निशमन दलाच्या बैठकीत इतिहास घडला. अठरा जूनला दलाला एकशे पंचवीस वर्षं पूर्ण होतात. आमचा दलप्रमुख विलेम म्हणाला, बिअर कंपनीकडूनच मागवू, कटकट नको. मी उठलो. ज्या कंपनीने आठ वर्षांपूर्वी आपल्या गावची ब्रुअरी विकत घेतली आणि तिला कुलूप ठोकलं, तिच्या बिअरचा एक थेंबही या समारंभात सांडणार नाही! पन्नास लिटर बिअर मी स्वतःच्या हातांनी बनवीन. नाही जमलं, तर या वर्षीचं भाषण मी करणार नाही!

दलाच्या वर्धापनदिनाचं हे भाषण एकवीस वर्षं मीच करतो. मी काय पणाला लावलंय ते सगळ्यांना तत्काळ कळलं. मग विलेमने विचारलं, "सर, हे लिहून घेऊ?" आणि उत्तराआधी लिहूनही टाकलं. ठराव एकमताने मंजूर. काहींनी दोन्ही हात वर केले. एवढा विश्वास! डोळे भरून आले.

बिअर मी आजवर बनवलेली नाही. पण वाचन दांडगं आहे.

२० मार्च

भांड्याचा प्रश्न सुटला. ल्युबाचा निळा आइसबॉक्स. दर जुलैत आम्ही क्रोएशियाच्या समुद्रावर जातो तेव्हा तळलेले डुकराचे काप भरून नेतो, तो. ल्युबा म्हणाली, "हिनेक, त्याला वास लागला ना, तर या वर्षी सगळे काप तू मांडीवर घेऊन बसायचं." क्रांतिकारकांच्या बायका अशाच बोलत असणार.

परदेशात लोक आइसबॉक्समध्ये बिअर करतात, असं वाचलं. भरडलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू, त्यात घालायचं. वर गरम पाणी. सहासष्ट अंश झाले की झाकण लावायचं आणि तासभर हात लावायचा नाही. धान्यातल्या स्टार्चची आपोआप साखर होते. बस, इतकंच.

इतकंच? आपले आजोबा या लगद्यातला तिसरा हिस्सा बाहेर काढून उकळायचे आणि परत ओतायचे. असं तीनदा! मीही तीनदा करणार. पेटी कुणाचीही असो, रीत आपलीच.

ल्युबा म्हणाली, ओताकारला विचार. ओताकार म्हणजे तिचा भाऊ, बंद पडलेल्या ब्रुअरीचा मुख्य उस्ताद. पण २००३ सालच्या माझ्या भाषणापासून तो का कोण जाणे जरा तुटक वागतो. शिवाय माणूस मुलखाचा घुमा. विचारायची गरज वाटत नाही.

२६ मार्च, शनिवार

सकाळी ९.०० – धुण्याच्या खोलीत आरंभ. अकरा किलो माल्ट. सहासष्ट अंश. काटेकोर.

९.१० – झाकण उघडलं. पहिला हिस्सा काढून उकळायला ठेवला.

९.५० – परत ओतला. हिशेबाने चढायला हवं होतं. एकोणसाठ. थर्मामीटर घाबरट आहे.

१०.४० – दुसरा हिस्सा. शेजारी डोकावले, त्यांना झाकण उघडून प्रक्रिया समजावली. मन लावून ऐकत होते. पंचावन्न.

११.३० – तिसरा. एक्कावन्न.

१२.०० – आयोडीनची परीक्षा. पांढऱ्या बशीत रसाचा थेंब, त्यावर आयोडीनचा थेंब. पिवळसर राहिला तर साखर झाली. निळाकाळा झाला तर स्टार्च तसाच. निळाकाळा. खोलीत उजेड कमी आहे.

१२.०५ – खिडकीशी निळाकाळा.

१२.१० – अंगणात, लख्ख उन्हात. जास्तच निळाकाळा. आयोडीन जुनं असावं.

ल्युबाने चव घेतली. म्हणाली, "लापशी चांगली झालीय. दूध घालू का?"

कोंबड्यांनी सगळं संपवलं. अजून बारा आठवडे आहेत. चिंता नाही.

१० एप्रिल

भाषण एकोणीस पानांचं झालं. नववं पान तर घणाघाती. ज्यांनी पाकीट घेऊन ब्रुअरीच्या किल्ल्या कंपनीच्या हातात दिल्या, त्यांच्या तळव्यांवर त्या किल्ल्यांचा गंज आजही आहे! हे २००३ चंच वाक्य. इतकं चांगलं वाक्य माणसाने एकदाच का वापरावं?

आज विलेम रस्त्यात भेटला. बिअर कशी चाललीय म्हणून चौकशी केली. जरा अडचणी आहेत म्हटल्यावर त्याने माझा खांदा दाबला. डोळ्यांत पाणी होतं की हसू, नीट दिसलं नाही. पाणीच.

१६ एप्रिल, शनिवार

तडजोड केली. तीनऐवजी एकदाच उकळलं. पण सगळं उकळतं एकदम ओतलं गेलं. ऐंशी अंश. पुस्तक म्हणतं, एवढ्या उष्णतेत धान्यातली साखर करणारी शक्तीच मरते. पुस्तकं अतिशयोक्ती करतात.

आयोडीन नवं आणलं होतं. निळंकाळं.

तरी रस काढायला घेतला. पेटीच्या तोटीतून थेंब येईना. लगदा घट्ट बसला होता. मी तोटीला तोंड लावून जोरात फुंकलं. तोटी मोकळी झाली. गरम लगदा छतावर, भिंतीवर आणि माझ्या भुवयांवर.

नेमका तेव्हा ओताकार दारात. बहिणीला कोबीची रोपं द्यायला आला होता. त्याने छताकडे पाहिलं, मग बशीकडे. आठ वर्षांत प्रथमच माझ्याशी आपणहून बोलला: "दाजी, झाकण लावून ठेवा हो." आणि गेला.

एवढंच? एका व्यावसायिकाकडून मला सखोल चर्चेची अपेक्षा होती.

२४ एप्रिल, ईस्टर

हिशेब केला. आंबायला आठवडा, थंडीत मुरायला सहा आठवडे. म्हणजे तीस तारखेला रस झालाच पाहिजे. त्यानंतर जगातली कुठलीही शक्ती अठरा जूनला बिअर देऊ शकणार नाही. झोप लागत नाही. कंपनीचं पिंप मैदानात आणि मी खाली, प्रेक्षकांत बसलेलो, असं दिसतं. मी कधी खाली बसलेलो नाही. तिथे हातांचं काय करतात?

ल्युबा परस्पर ओताकारशी बोलून आली. तो येणार आहे. सल्लागार म्हणून त्याला हजर राहण्याची परवानगी दिली.

३० एप्रिल, शनिवार

९.०० – ओताकार आला. न बोलता पाणी तापवलं, माल्ट ढवळलं. सहासष्ट. झाकण लावलं.

९.०४ – मी झाकणाला हात घातला, फक्त खात्री करायला. ओताकार उठला आणि आइसबॉक्सवर बसला. चक्क वर बसला! म्हणाला, "आता तासभर इथेच." दमला असावा.

९.१५ – तासभर नुसतं बसायचं म्हणजे छळ. आत काय चाललंय? उतरलं असेल का? ओताकारला विचारलं. "चाललंय." कशावरून? "चाललंय, दाजी."

९.३३ – श्रोता समोर आहे, उठू शकत नाही. भाषण वाचायला घेतलं.

९.४५ – नववं पान. तळव्यांवरचा गंज या शब्दांवर ओताकारचे दोन्ही हात झाकणाच्या कडांवर गच्च आवळले गेले. अर्धा उठला. मी घड्याळ पाहिलं, पंधरा मिनिटं बाकी आणि झाकण सैल! पण तो परत बसला. वाक्याचा परिणाम झाला होता, हे उघड आहे. मी ते पुन्हा एकदा वाचलं.

१०.०० – आयोडीन. पिवळं! तीन थेंब टाकून पाहिले. पिवळं, पिवळं, पिवळं!

रस खळखळ वाहिला. हॉप्सची कडू फुलं घालून उकळला, निववला, यीस्ट घातलं. त्याचं तळघर चार अंशांवर असतं, म्हणून तो सगळं हातगाडीवर घालून घेऊन गेला. ल्युबाच्या सूपलाही थांबला नाही. भारावला असणार.

२८ मे

ओताकार फोन उचलत नाही. दोनदा त्याच्या दारावर थाप मारली. आत पावलं वाजली, दार उघडलं नाही. पिंप त्याच्याकडे. तीन आठवडे उरलेत.

११ जून

ल्युबाला सगळं सांगितलं. नववं पान दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं. "हे तू त्याला वाचून दाखवलंस? आणि तो बसून राहिला?"

मग तिने सांगितलं. ब्रुअरीच्या शेवटच्या दिवशी बाकीचे निघून गेल्यावर ओताकार एकटा मागे थांबला होता. सगळ्या टाक्या घासून धुतल्या, त्यांना बुरशी लागू नये म्हणून. चालू होणार नाहीत हे माहीत असून. सगळ्यात शेवटी बाहेर पडला, म्हणून किल्ल्या त्याच्या हातात होत्या.

हा तपशील भाषणात बसत नाही.

१७ जून

रात्रीपर्यंत पान नऊ दुरुस्त केलं. तत्त्व म्हणजे तत्त्व. एक स्वल्पविराम काढला. पिंपाचा पत्ता नाही. विलेमने कंपनीला फोन करून ठेवलाय, असं ऐकलं. "सर, सावधगिरी म्हणून." जेवण गेलं नाही.

१८ जून, शनिवार, सायंकाळी ७

दुपारी दोनला मैदानात दोनशे माणसं, पिंप नाही. अडीचला नाही. विलेम माझ्याकडे बघून हळहळला, पण माईकची वायर आधीच गुंडाळायला लागला होता. पावणेतीनला हातगाडीचा आवाज. ओताकार. माझ्याकडे न बघता पिंप ठेवलं, तोटी ठोकली, पहिला ग्लास विलेमच्या हातात दिला. विलेम प्यायला. परत एक घोट घेतला. मग म्हणाला, "ही... ही आपली जुनी बिअर आहे रे." एक म्हातारा टोपी काढून उभा राहिला.

आणि माईकची वायर परत उलगडण्यात आली.

मी उभा राहिलो. एक ते आठ पानं वाचली. पान उलटलं. शब्द समोर होते. पिंपाशी ओताकार ग्लास भरत होता, बाह्या वर केलेल्या, हात ओले. मी ते हात पाहिले. पानं मिटली. मी म्हटलं, "एवढंच." आणि खाली उतरलो.

काही क्षण कुणालाच कळलं नाही की संपलं. मग टाळ्या. एकवीस वर्षांत अशा टाळ्या ऐकल्या नव्हत्या. लोक उभे राहिले, शिट्ट्या, विलेमने मला मिठी मारली. अकरा मिनिटांत एवढा परिणाम! ल्युबा म्हणते, टाळ्या अकराच मिनिटांत संपवलं म्हणूनच होत्या.

ओताकारने टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याने ग्लास भरून माझ्यापुढे धरला. मला त्याला खूप काही सांगायचं होतं. सुरुवात सुचली होती, मध्य सुचला होता. मी श्वास घेतला.

"दाजी," तो म्हणाला, "आधी प्या. फेस बसतोय."

प्यायलो.