हिलालचा पाचवा तास

सोनगीर फाट्याच्या आतून,
शनिवार

ती. लीलाधरभाऊ यांस,

धाकटे साडू तोताराम यांचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो उभ्यानेच घातला आहे, कागदावर फरक दिसू नये.) तुमचे गुडघे कसे आहेत, अक्कांचा रक्तदाब किती, आणि धुळ्याच्या टपाल कार्यालयात तुम्ही अजून त्याच टेबलावर आहात काय, हे कळवावे. शेवटची चौकशी निव्वळ आपुलकीची आहे.

आमच्या खेड्याचे टपाल कार्यालय म्हणजे हिलाल हा एकटा इसम. तोच टपालमास्तर, तोच टपाल वाटणारा. तुमचे खाते त्यास पगार देत नाही, भत्ता देते. तोही चार तासांचा. फलकावर दहा ते दोन असे स्वच्छ लिहिले आहे. असे असता मागील महिन्यात तो मला दुपारी पावणेतीनला खांद्यावर पिशवी घेऊन गल्लीत दिसला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, कापसाच्या जिनिंगमध्ये सत्तावीस वर्षे हजेरीपत्रक तपासलेला मनुष्य. चार तासांचे घेऊन तीन तास काम करणारे पुष्कळ पाहिले. त्यांच्याविषयी कधी संशय आला नाही. पण चाराचे घेऊन पाच? ज्या अर्थी खाते पाचव्या तासाचे देत नाही, त्या अर्थी दुसरे कोणीतरी देत असले पाहिजे.

मी चोवीस दिवस नोंद ठेवली: तारीख, वेळ, दिशा. पंचविसाव्या दिवशी (चपला हातात घेऊन) मागोमाग गेलो. हिलाल सुगराबींच्या घरात शिरला. म्हातारी ऐंशीच्या पुढची, पायांनी अधू. खिडकीतून पाहतो तो हिलाल तिचा अंगठा ओल्या फडक्याने पुसतो आहे, त्यावर फुंकर घालतो आहे आणि यंत्रावर टेकवतो आहे. यंत्र नाही म्हणते, पुन्हा पुसणे. असे अकरा वेळा. अंगठा जुळल्याखेरीज म्हातारीची पेन्शन निघत नाही हे मला ठाऊक आहे. परंतु फुंकर कोणत्या नियमात बसते? इतक्यात म्हातारीने मला पाहिले आणि मोठ्याने म्हणाली, “क्यूं नाना, बाहर कायको खडे? तुम्हारा भी अंगूठा नहीं लगता क्या?” हिलाल हसला. तेही मी नोंदले.

यानंतर तक्रार क्रमप्राप्त होती. ती तुमच्या धुळ्याच्या कार्यालयास स्पीड पोस्टाने पाठवावी तर खिडकी हिलालचीच. (लिफाफ्यावर मी ‘विषय: हिलालविरुद्ध तक्रार’ असे लिहिले होते, विषय लिहिणे ही माझी सवय आहे.) त्याने लिफाफा वाचला, नीट वाचला, आणि म्हणाला, “नाना, पिनकोडना एक आकडा चुकना शे. आसा तो जळगावले चालना जाई.” आणि आकडा स्वतःच्या हाताने दुरुस्त केला. स्वतःविरुद्धची तक्रार योग्य ठिकाणी पोहोचावी म्हणून झटणारा मनुष्य! माझा संशय दृढ झाला.

आता गुरुवारी तपासनीस येत असल्याचे पत्र आले आहे. (आणून दिले हिलालनेच, दोन वाजून पन्नास मिनिटांनी.) वेळेबाहेर सरकारी पिशवी बाळगल्याबद्दल त्यास घरी बसवतील, असे गाव म्हणते. आमच्या मंडळी चार दिवस माझ्याशी बोललेल्या नाहीत. चहा मात्र वेळेवर आदळतात.

बाकी सर्व ठीक. अक्कांस नमस्कार, लहानांस यथायोग्य.

आपला,
तोताराम

ता. क. — तक्रारीस जोडलेली माझी चोवीस दिवसांची नोंद तुमच्या, म्हणजे तक्रारींच्या, टेबलावर राहिली तर हिलाल जाईल. तीच आस्थापनेच्या टेबलावर गेली तर पाच तासांचा भत्ता मागण्यास तिच्याइतका पक्का पुरावा नाही. दोन टेबलांत अंतर सहा फूट आहे, हे मी मागे आलो असता पाहिले आहे. बुधवारपर्यंत फाईल तेवढी सरकवावी. तक्रार मी मागे घेणार नाही, कारण तीतील प्रत्येक वेळ बरोबर आहे; विषयाची ओळ बदलून तोच मजकूर अर्ज म्हणून सोबत जोडला आहे. (फोन केला असता, पण फोनची पोच मिळत नाही.)

ता. क. २ — अर्जावर आत्ताच हिलालची सही घेतली. सही करता करता म्हणाला, “नाना, पाचवा तास मंजूर व्हई गया तं सहावा कोन मोजी?” म्हणजे सहावा आहे! मी रोज तीनला चहासाठी घरी परतत होतो. तरी अर्जातील ‘पाच’ हा आकडा तूर्त खोडून पेन्सिलने लिहिला आहे.