हॉबर्टच्या खिशातला दस्ता

बकहॉर्न क्रीक, टेनेसी
मका कापून झाल्यावरचा रविवार

आदरणीय झेल्मा आत्या,

तुझ्या दोन्ही पायांना नमस्कार (डाव्याला जरा जपून, सूज उतरली का ते कळव). आम्ही इथे ठीक. व्हर्नाची कंबर, माझी कवळी आणि पिकअपचा गिअर, तिघंही आपापल्या मर्जीने चालतात. केंटकीत गारठा पडू लागला असेल तर लोकरीचे मोजे घाल. पेटीत ठेवून त्यांना पिल्लं होणार नाहीत.

पत्रास कारण की, हॉबर्ट साइझमोर गेला. तुला आठवेल तो, माझ्या लग्नात केक कलंडला तेव्हा टेबलाखाली सापडलेला. टोमॅटोच्या वाफ्यात वाकला आणि उठलाच नाही.

दर शनिवारी कोर्टाच्या आवारातल्या बाकांवर आम्ही म्हातारे सीडरच्या लाकडाच्या काड्या तासत बसतो आणि चाकूंची अदलाबदल करतो (व्हर्नाच्या मते आम्ही फक्त भुसा करतो, आणि तोही निरुपयोगी). मला वेड एकाच घाटाच्या चाकूचं. घडी घालून खिशात मावणारा, पण मूठ शेवटाला बंदुकीच्या दस्त्यासारखी वाकलेली. आम्ही त्याला नुसतं 'दस्ता' म्हणतो. माझ्याकडे काळ्या शिंगाचा आहे, पिवळ्या सेल्युलॉइडचा आहे, बाबांचा हस्तिदंती मुठीचा आहे, आणि आणखी एक आहे जो व्हर्नाने बटाटे सोलायला पळवलाय. पण हॉबर्टचा दस्ता म्हणजे दस्ता! लालसर हाडाची मूठ, बोटांनी झिजून लोण्यासारखी झालेली. हे चाकू बनवणारा कारखाना कधीच बंद पडला, त्यामुळे तसा दुसरा मिळणं नाही. मी किती वर्षं मागितला! बदल्यात शिकारी कुत्रीसुद्धा देऊ केली. हॉबर्ट तो खिशातून काढायचा, उन्हात धरायचा आणि म्हणायचा, "थर्मन, डोळ्यांनी बघ. हात लावलास तर बोट तासीन." उघडून तर त्याने कधी कुणाला दाखवलाच नाही. माणूस असा चिकट की मला वाटायचं, हा चाकूलाही वारा लागू देत नाही.

तर अंत्यदर्शनाला गेलो. दारातच त्याची बायको आर्डिथ भेटली, डोळे सुजलेले. म्हणाली, "थर्मन, त्याचा तो चाकू त्याच्या जाकिटाच्या खिशात ठेवलाय. त्याचीच इच्छा होती. म्हणायचा, मी गेल्यावर थर्मनच्या हाती लागला तर मी परत येईन."

आत्या, मी वचावचा भांडलो असतो, पण ज्याच्याशी भांडायचं तो पेटीत. म्हटलं, शेवटचं बघून तरी घेऊ. जवळ गेलो. हॉबर्ट निळ्या सुटात, केस चापूनचोपून, आयुष्यात पहिल्यांदा स्वच्छ नखांचा. खिशातून लाल हाडाचा कोपरा दिसत होता. मी वाकलो. नीट दिसेना म्हणून आणखी वाकलो, आणि माझ्या कोटाचं बटण पेटीच्या आतल्या लेसमध्ये अडकलं. सुटायची धडपड करावी तर पेटी हलू लागली, म्हणून मी हॉबर्टचे खांदे धरले. मागून सगळ्यांना काय दिसलं असेल बघ: थर्मन ओगल मित्राच्या गळ्यात पडून गदगदा हलतोय. बायकांनी रुमाल काढले. पाद्रीसाहेबांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मोकळा हो बाबा, मोकळा हो." मी म्हटलं, "तेच करतोय हो, पण लेस सुटत नाहीये." त्यांना वाटलं, दुःखाने भरकटला बिचारा.

शेवटी व्हर्नाने येऊन कात्रीने लेस कापली. (ही बाई अंत्यविधीला कात्री घेऊन का येते, हे विचारायची माझी अजून छाती झालेली नाही.) लगेच पाद्रीसाहेबांनी मला चार शब्द बोलायला उभं केलं. मी ठरवलं होतं, हॉबर्ट किती कंजूष होता ते जरा गोड करून सांगावं. उभा राहिलो, "येत्या शनिवारी" एवढं म्हटलं, आणि पुढचं सुचेचना. येत्या शनिवारी बाकावर माझ्या शेजारी कोण बसणार? माझ्या काड्यांना नावं कोण ठेवणार? मग मात्र आत्या, लेसबिस काही नव्हतं, तरी मी हललो.

सगळे जेवायला बसले (हॅम खारट होतं, मक्याचा ब्रेड उत्तम), तेव्हा आर्डिथ माझ्याजवळ आली आणि पेटी मिटण्याआधी खिशातून काढून घेतलेला चाकू तिने माझ्या मुठीत कोंबला. "तूच ठेव. परत आला तर बरंच आहे, मी त्याला ओरडून घेईन."

घरी येऊन स्वयंपाकघराच्या टेबलावर मी तो उघडला. मोठं पातं अर्ध्यातून मोडलेलं! तुटलेली कडही गंजून काळी. म्हणजे मोडल्याला जमाना झालेला. इतकी वर्षं हा गृहस्थ मोडका चाकू राजाच्या मुकुटासारखा मिरवत होता, आणि मी त्यासाठी सोन्यासारखी कुत्री द्यायला निघालो होतो. मी इतका हसलो की कवळी ताटात पडली. काल बाकांवर मंडळी म्हणाली, उघड बघू. मी म्हटलं, हात मागे घ्या. मेलेल्याची अब्रू आता माझ्या खिशात आहे.

व्हर्नाचा नमस्कार. तब्येत सांभाळ.

तुझा भाचा,
थर्मन

ता. क. एस्टेल काकांचा एक दस्ता तुझ्या बटणांच्या डब्यात असायचा. तुला काही उपयोग नसेलच. सहज आठवलं, म्हणून लिहिलं.

ता. क. २. हिरव्या मुठीचा. डबा खिडकीखालच्या कपाटात, डावीकडे.

आणखी एक ता. क., व्हर्नाच्या हातचं. आत्याबाई, पाकिटात घेवड्याचं बी घालायला म्हणून पत्र उघडलं, आणि वाचलं. बटण अडकलं ते खरं, पण का अडकलं ते यांनी लिहिलेलं नाही. सासऱ्यांचा हस्तिदंती चाकू हॉबर्टच्या उशीखाली सरकवत होते. मी बघितलं, आणि बघितलं हे बोलले नाही. तुम्हीही बोलू नका. एस्टेल काकांचा चाकू द्यायचा असला तर माझ्या नावाने पाठवा. इथला पोस्टमनही चाकू जमवतो, आणि यांच्या नावाच्या पार्सलात काय असतं ते त्याला पक्कं ठाऊक आहे.