याचिकाकर्ता स्वतः हजर

९ ऑक्टोबर
मदुरैच्या लॉ कॉलेजातून माझं नाव कमी झालं. प्रिन्सिपल मॅडमनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं. म्हणाल्या, इरुळप्पन सर, तुमची बी.ए. आहे, पण बारावी नाही. दहावीवरून थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घेतलेली असली तर वकिलीच्या कोर्सला पात्र धरत नाहीत. ॲडमिशन देताना आमच्या लक्षात आलं नाही.
मला सर म्हणाल्या. बाकीच्या विद्यार्थ्यांना म्हणत नाहीत.
वाईट वाटेल असं वाटलं होतं. काही वाटलं नाही. कँटीनमध्ये वडा गरम होता, तो खाल्ला.
संकल्प : हायकोर्टात जायचं. पोंगलच्या आत परत वर्गात.

१० ऑक्टोबर, सकाळ
बायकोला, दैवानैला, सांगितलं. मी कारकून होतो ती गिरणी बंद पडल्यापासून ती सकाळी इडियाप्पम, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, करून विकते, त्यावर घर चालतं. ही व्यवस्था तात्पुरती आहे, मी वकील होईपर्यंत.
म्हणाली, नाव काढलं तर काढलं. तुम्ही जरा हा साचा दाबा, माझा हात भरून आलाय.
तिला धक्का बसला असावा. साचा दाबला.

१७ ऑक्टोबर
वकील केले. सुंदरवदनम. ऑफिस लहान, पण पंखा नवीन. सगळं ऐकून म्हणाले, अण्णा, केस हलकी आहे.
बरं वाटलं. जड असती तर वर्षानुवर्षं चालली असती.

४ नोव्हेंबर
पहिली सुनावणी. जज्जसाहेबांनी विचारलं, बारावी कुठे आहे? सुंदरवदनम म्हणाले, बारावी नाही, माय लॉर्ड, पण पदवी आहे. साहेब म्हणाले, म्हणजे पहिला मजला नाही आणि दुसरा बांधून झालाय. सगळे हसले. मीही हसलो. कोर्टाने आपल्यावर विनोद करणं ही एक जवळीकच.
विद्यापीठाला नोटीस निघाली. वर्गात बसू देण्याचा आदेश मिळाला नाही. तो बहुधा पुढच्या वेळी.

११ नोव्हेंबर
अभ्यास बुडता कामा नये. पांढरा शर्ट, काळी पँट घालून रोज कॉलेजला जातो. वॉचमन आत सोडत नाही, म्हणून समोरच्या चहावाल्याकडे बसतो आणि मुलं बाहेर आली की आज काय शिकवलं ते विचारतो. आज एक जण म्हणाला, सर, आज लेक्चरच झालं नाही.
म्हणजे माझं काहीच बुडलं नाही.

२९ नोव्हेंबर
आमच्या लेकीला, कयलला, विरुदुनगरचं स्थळ आलं. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते, मुलगा बँकेत आहे. मुलाचे वडील वेलायुधम, मिरचीचे व्यापारी. आवाज मोठा. कॉफी पिता पिता त्यांनी विचारलं, आपण काय करता?
मी म्हटलं, हायकोर्टात असतो.
खोटं काही नाही. या महिन्यात तिथेच होतो. कयल माझ्याकडे बघत होती. दैवानै म्हणाली, आणखी थोडा केसरी शिरा घ्या.
स्थळ पक्कं होईलसं दिसतं.

१२ डिसेंबर
तारीख होती. केस पुकारलीच नाही. बोर्डावर माझं नाव मात्र नीट छापलं होतं. बराच वेळ बघत उभा राहिलो.

१९ जानेवारी
पोंगल झाला. वर्गात नाही. संकल्पात दुरुस्ती : मार्चात पंगुनी महिना लागतो, त्याच्या आत.
सुंदरवदनम म्हणाले, अण्णा, खरं सांगू का, केस मागे घ्या आणि लेकीच्या लग्नाचं बघा. आत्मविश्वास नसलेला माणूस. त्यांना काढलं. यापुढे मी स्वतः बाजू मांडणार. तशी परवानगी लागते. कोर्टाच्या रजिस्ट्रीत दोन अधिकाऱ्यांनी मला बोलायला लावून पाहिलं. मी बोललो. थांबवावं लागलं. परवानगी मिळाली.

२ फेब्रुवारी
लग्न ठरलं. पत्रिकेचा मजकूर लिहिला. आमच्याकडे पत्रिकेत नावापुढे पदवी नसली तर माणूस उघडा दिसतो. माझ्या नावापुढे बी.ए. आणि वकिलीचं बी.एल. लिहिलं.
कयल म्हणाली, अप्पा, बी.एल. कुठून आलं?
मी म्हटलं, येतंय.
म्हणाली, मग ‘येतंय’ असंच छापा.
तिला कायद्याची भाषा कळत नाही. शेवटी मी पुष्कळ माघार घेऊन बी.एल. कंसात टाकलं. ती उठून गेली. दैवानै म्हणाली, कंसात का होईना, एकदाचे आत तरी बसलात. टोमणा असावा.

२० फेब्रुवारी
आज मी बाजू मांडली.
काल दिवसभर तयारी केली होती. समानता, राज्यघटना, ज्ञानाची तहान, सगळं क्रमवार पाठ. उभा राहिलो.  साहेब तेच होते, पण आज त्यांनी विनोद केला नाही. चष्मा काढून विचारलं, इरुळप्पन, दहावीला तुम्हाला मार्क तर चांगले आहेत. मग बारावी का केली नाहीत?
हा प्रश्न तयारीत नव्हता.
म्हटलं, वडील गेले होते, साहेब. गिरणीत त्यांच्या जागी घेत होते.
कोणी हसलं नाही. हसले असते तर चाललं असतं.
साहेब म्हणाले, तुमच्याबद्दल कोर्टाला आदर आहे. बी.ए. तुमची खरी, ती कोणी काढून घेत नाही. पण या कोर्सला दहावी, बारावी, पदवी, अशी पायरीने पायरी लागते, आणि नियम सगळ्यांना एक. याचिका फेटाळली. मग हळू विचारलं, आणखी काही सांगायचंय?
समानता, राज्यघटना, ज्ञानाची तहान, सगळं शिल्लक होतं. म्हटलं, नाही साहेब.
बाहेर परोटा खाल्ला. सोबतचा साल्ना, म्हणजे रस्सा, पातळ होता. काही वाटलं नाही.
जमेची बाजू : आदर रेकॉर्डवर आला. अपील करायचं. दोन जज्ज म्हणजे दुप्पट आदर.

२१ फेब्रुवारी
दैवानैने विचारलं, काल काय झालं? म्हटलं, साहेब फार चांगलं बोलले. कयल तिथेच डबा भरत होती. म्हणाली, म्हणजे हरलात.
उत्तर दिलं नाही. प्रकरण न्यायप्रविष्ट होणार आहे.

८ मार्च, लग्नाचा दिवस
हॉलच्या दारात फ्लेक्स लागला होता. फ्लेक्सवाल्याने कंस गाळला आणि माझ्या फोटोला काँप्युटरवर काळा कोट चढवला. कोट मी सांगितला नव्हता. काढा असंही सांगितलं नाही.
जेवणाच्या पंगतीत वेलायुधम एका गृहस्थांना घेऊन आले. त्यांचे चुलतभाऊ, खरे वकील. गृहस्थांनी हात जोडले आणि विचारलं, आपण कुठल्या बाजूचं काम बघता, दिवाणी की फौजदारी?
म्हटलं, रिट.
म्हणाले, वा, कोणाकडून उभे राहता?
शेजारी कयल नव्या साडीत उभी होती. तिने मान खाली घातली. आजच्या दिवशी तिने मान खाली घालायला नको होती.
म्हटलं, माझ्याकडूनच. मी पक्षकार आहे.
 वेलायुधम मोठ्याने हसले. मला बाजूला नेऊन म्हणाले, अहो व्याही, आम्ही मिरची घेतो तीसुद्धा चावून बघतो. बोलणी करण्याआधी सगळ्या मदुरैत चौकशी केली होती. गिरणीतला इरुळप्पन कारकून सरळ माणूस, असं दहा जणांनी सांगितलं, म्हणून होकार दिला. वकील असतात तर दिला नसता. चला, पायसम गार होतंय.
हा अपमान आहे की कसं, ते तपासायला हवं. पायसम घेतलं. दोनदा.

१० मार्च
कयल सासरी गेली. निघताना म्हणाली, अप्पा, अपील करू नका. मी म्हटलं, बघू. म्हणाली, नियम बदलणार नाही. बारावी राहिली, त्यात तुमचं काही चुकलेलंही नाही.
घर मोठं वाटतंय. तिच्या खोलीत आता अपिलाचे कागद नीट पसरता येतील.

१६ मार्च
अपील लिहायला बसलो. ‘माननीय’ हा शब्द सुंदर आला. मग दुपारी झोप लागली.

२२ मार्च
अपिलाची मुदत आज संपत होती. कागद अर्धे झाले होते, बाकीचं तिथे बसून लिहिता आलं असतं. इस्त्रीचा शर्ट घातला. माट्टुतावणीच्या स्टँडवरून मेलूरची बस धरली. खिडकी मिळाली.
हायकोर्टाच्या स्टॉपवर बस थांबली. पांढरे शर्ट, काळ्या पँटी भराभर उतरल्या. कंडक्टर म्हणाला, वकीलसाहेब, तुम्हाला उतरायचंय ना?
म्हटलं, नाही. पुढचं तिकीट द्या.
कुठलं?
ते ठरवलं नव्हतं. मेलूर म्हटलं.
मेलूरला उतरून चहा घेतला. स्टँडवरच्या बाकावर ऊन येईपर्यंत बसलो. मग त्याच बसने परत. येताना कोर्टाचा स्टॉप दुसऱ्या बाजूला येतो, दिसत नाही.
दैवानैने दार उघडलं. विचारलं, काय झालं?
म्हटलं, तारीख पडली.
तिने माझ्या हातातली पिशवी घेतली. कधीची, ते विचारलं नाही.