थिसिअसच्या उताऱ्याखालचे प्रश्न

वसई
नोव्हेंबर २००३

प्रिय जयवंत,

पत्राला 'प्रिय' लागतं म्हणून लिहिलं. त्याचा जास्त अर्थ काढू नकोस.

मी गोखिवऱ्याच्या शाळेत नववीला इंग्रजी शिकवते. गेल्या आठवड्यात वर्गात एक उतारा घेतला, ग्रीक वीर थिसिअसचा. एका बेटाच्या राजाने भुलभुलैयात बैलाच्या तोंडाचा राक्षस ठेवलेला असतो आणि त्याला माणसं खायला द्यावी लागतात. थिसिअस त्याला मारायला निघतो, पण आत गेलेला बाहेर येत नाही. म्हणून त्या राजाचीच मुलगी, आरिआद्नी, त्याला दोऱ्याचा गुंडा देते. दोरा सोडत आत जा, दोरा धरून बाहेर ये. तो तिला लग्नाचं वचन देतो. राक्षस मरतो, दोघं गलबतातून पळतात, आणि वाटेत एका बेटावर ती झोपलेली असताना तो तिला तिथेच टाकून निघून जातो. हे शेवटचं उताऱ्यात एका ओळीत होतं. खाली प्रश्न होते: राक्षस कसा होता, दोरा कशासाठी दिला, थिसिअसचे गुण लिहा. मुलांनी पटापट लिहिलं, शूर, हुशार. कृतिका नावाची मुलगी तेवढी उभी राहिली. म्हणाली, "टीचर, मग ती बापाच्या घरी परत कशी गेली?" मी म्हटलं, उताऱ्यात दिलेलं नाही. बस खाली.

मला उत्तर येत होतं.

तुला आठवतं ना, बाबा आमच्या विहिरीचं पाणी टँकरवाल्यांना विकायचे. पूर्वेला बिल्डिंगा उभ्या राहत होत्या आणि इकडे आळीतल्या विहिरी मचूळ होत चालल्या होत्या, केळी कडेने करपत होत्या. तू सभा गाजवायचास, पण टँकर कुठून भरून कुठल्या वाटेने जातात ते तुला सापडत नव्हतं. सुरूच्या बनामागची वाट मी दाखवली. तू माणसं घेऊन टँकरपुढे आडवा झालास, पेपरात फोटो आला. "प्रमो, निवडणूक होऊ दे, मग बाबांना भेटायला येतो," म्हणालास. वाट दाखवली याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पाणी सगळ्या आळीचं होतं.

कुणी सांगितलं ते बाबांना कळलं. ते ओरडले नाहीत. फक्त माझ्याशी बोलायचे थांबले. मी समोर असले तरी आईला सांगायचे, "तिला म्हणावं, दिवा लाव." तू निवडून आलास, नायगावला राहायला गेलास, आणि तुझ्या लग्नाची पत्रिका आमच्याकडे पोस्टाने आली. बाबांनी ती वाचली आणि माझ्यापुढे सरकवली. त्या दिवशी तरी काही बोलतील असं वाटलं होतं. शिवी चालली असती. पुढे आई गेली, बाबा अंथरुणाला खिळले. मी भरवायचे, अंग पुसायचे. ते तोंड उघडायचे, पण घासापुरतं. या आषाढात गेले, तेही तसेच.

आता पत्राचं कारण. काल तुझा माणूस येऊन गेला. विहीर बुजवून आमच्या केळीच्या वाडीत तुला इमारत बांधायची आहे म्हणाला. मी नको म्हटल्यावर तो वैतागला. "तुमच्या वडलांनीही असंच केलं. तुम्ही शाळेत असताना साहेब स्वतः येऊन बसले होते त्यांच्या उशाशी. म्हातारा एकच बोलला, वाडी माझ्या मुलीची आहे, तिला विचारा." तो गेल्यावर मी दार लावलं. इतक्या वर्षांत बाबांनी मला 'माझी मुलगी' म्हटलं ते तुझ्यापाशी. तुला ते ठाऊक होतं, आणि ते जिवंत असेपर्यंत तू मला कळवलं नाहीस. मला विचारायला तू स्वतःही आला नाहीस. वाडी मिळणार नाही.

सदानंद राऊतांची मुलगी,
प्रमोदिनी