बारा तारांचा कठडा

जालना
सोमवार, १ डिसेंबर २०२५

ती. साहेबमामांस,
दैवशालाचा सा. न. वि. वि. काल मळ्यात घडलं ते क्रमाने असं:

१. सकाळी साडेदहाला माझ्या नकाशाप्रमाणे नव्या लाकडी डेकच्या पूर्व बाजूला कठड्याच्या बारा केबल खांबांतून ओवून झाल्या.
२. मधली केबल आधी ताणायची, मग तिच्या वरची एक, खालची एक, असं मी सांगितलं. तुम्ही मान हलवलीत.
३. मी चहा घ्यायला घरात गेले. मामींनी पोहेही दिले. चाळीस मिनिटं गेली.
४. परत आले तेव्हा बाराही केबल ताणून झाल्या होत्या, वरून खाली, द्राक्षाच्या मांडवाच्या तारा ओढतात तशा.
५. डाव्या टोकाच्या खांबाचं कव्हर माझ्यासमोर चिरलं.
६. टोकाचे दोन्ही खांब आत झुकले. डावा अठरा मिलिमीटर, उजवा चौदा.
७. तुम्ही तारेवर पान्हा वाजवून सूर बराबर लागला असं जाहीर केलंत.
८. मी जे बोलले ते मोठ्याने बोलले. तुम्हीही.
९. मामींनी हुकूम काढला की कठडा पुरा होईपर्यंत या विषयावर आपण दोघांनी फोन करायचा नाही, पत्र लिहायचं. लिहिताना माणूस निदान स्वल्पविरामाला तरी थांबतो, असं त्यांचं म्हणणं.

म्हणून हे पत्र, जीपवाल्या भारतभाऊंच्या हाती.

खांबावरचं कव्हर म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिळून केलेला पोकळ चौकोनी डबा. तो उन्हाने तडकत नाही, त्याला वाळवी लागत नाही, पण वजन तो पेलत नाही. वजन पेलतो आतला सागाचा खांब. एका केबलचा ताण शंभर किलो धरला तर बारा केबल टोकाच्या खांबाला बाराशे किलोने आत ओढतात. वरची आडवी पट्टी आधी बसवली असती तर तिने दोन्ही खांब एकमेकांपासून दूर धरले असते. ती शोभेची आहे म्हणून तुम्ही गोठ्यात ठेवली आहे. मी पाहिली तेव्हा तिच्यावर कोंबडी बसली होती.

मांडव पडला तर घड मातीत जातात. इथे पूर्वेला नाल्याकडे आठ फूट खोल आहे, आणि २१ तारखेला मामींच्या हुरड्याला येणारी पहिली पस्तीस माणसं त्याच कठड्याला रेलून उभी राहणार आहेत. कृपा करून सगळ्या केबल सैल करा. तोवर तिथे कोणी टेकू नये.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो मोजायची गरज नाही.

आपली भाची,
दैवशाला


मळा, भोकरदन
बुधवार, ३ डिसेंबर

चि. दैवास,
मामाचे अनेक आशीर्वाद. राग आला म्हणून आशीर्वादात कपात केलेली न्हाई.

तुझं पत्र भेटलं. तू पाकीट चिकटवलं नव्हतं, म्हणून भारतने ते वाटेत वाचलं, अन् त्याची जीप काही मुकी न्हाई. काल भोकरदनच्या स्टँडवर दोघांनी मला विचारलं की मामा, कोंबडी पट्टीवरून उतरली का. त्यातला रखमाजी तर म्हणला, अंडं दिलं असंल तर ते बी नकाशात दाखवा.

आता माझं ऐक. तीस वर्षं झाली मी मांडव ओढून राह्यलो. तार अशी पाहिजे की कावळा बसला तरी हलली न्हाई पाहिजे. ढिल्या तारेवर वेल लोंबतो, माणूस तर लोंबणारच. अन् खांब झुकले म्हणतेस तर ते मी सोमवारीच सरळ केले. मांडवाच्या कडेच्या खांबाला आपण बाहेरून तार बांधतो, तिचं दुसरं टोक जमिनीत पुरलेल्या दगडाला बांधून ओढतो, तसंच केलं. दोन खांब, दोन दगड. ओळंबा लावून बघ, सुताचा फरक न्हाई.

एवढंच झालं की एक तार चुलीकडं जायच्या वाटेत येऊन राह्यली. भारत तुझं पत्र घेऊन आल्ता, तो तिच्यात अडकून सपशेल आडवा. पडल्या पडल्या म्हणला, मामा, हा कठडा माणसं पडू नयेत म्हणून आहे का पाडायला?

खोलायचा मात्र मी न्हाई. आता खोललं तर एकवीसपर्यंत पुरं होत न्हाई, अन् तुझ्या मामीला, उषाला, मी न्हाई म्हणून सांगू शकत न्हाई. तुला हे समजायचं न्हाई. तू लहानपणी पडली तरी रडायची न्हाई, किती खरचटलं ते पट्टीनं मोजायची.

तुझ्या आईला यातलं काही बोलू नको. मीना मला फोन करील, अन् तिला स्वल्पविराम माहीत न्हाई.

लोभ वाढव, अक्कल आहे तेवढी पुरे.

तुझा,
साहेबमामा


मळा
गुरुवार, ४ डिसेंबर

चि. दैवशालास,
उषामामीचा आशीर्वाद. हे पाकीट मी डिंकाने चिकटवलंय आणि वरून मशीनची एक शिलाईही मारलीय. भारत वाचणार असेल तर त्याला आधी उसवावं लागेल.

मला तुझे मिलिमीटर कळत नाहीत. पण घरात काय चाललंय ते कळतं.

स्टीलचं काम करणारे शाहबाजभाई मंगळवारी आले होते. त्यांनी चिरलेलं कव्हर पाहिलं, नकाशा मागितला आणि एका जागी बोट ठेवलं. म्हणाले, साहेबराव, भोकं तुम्ही बिलकुल बराबर पाडलीत, नकाशातच कव्हराचं भोक आणि लाकडाचं भोक एका मापाचं आहे. वॉशर कव्हरावर बसणार, आत पोकळी, मग कव्हर चेपणारच. जल्दी पोरीला सांगा. तुझ्या मामांनी नकाशाची घडी केली, सदऱ्याच्या खिशात घातली आणि शाहबाजभाईंना सांगितलं की पोरीचं हे पहिलंच स्वतःचं काम आहे, कुणी विचारलं तर साहेबरावाने ताण जास्त दिला असंच म्हणायचं. मग तुला ते कावळ्याचं पत्र लिहिलं.

मी सांगितलं हे त्यांना कळवू नकोस. कळवलंस तरी चालेल.

आणखी एक. रोज उजाडलं की ते डेकवर जातात, खांबाला खांद्याने ढकलून बघतात, खाली नाल्याकडे बघतात आणि घरात येऊन मी न विचारता सांगतात की एकदम मजबूत आहे. न विचारता नवरा उत्तर देतो तेव्हा बायकोने काय समजायचं ते तू लग्नाआधीच शिकून ठेव.

आपल्या गुळभेंडी ज्वारीचा हुरडा माणसांनी आपल्या मळ्यात बसून खावा, असं मी तीन वर्षं म्हणत होते. सगळे हसले. आता जालन्याच्या पस्तीस शिक्षिका येतायत. कठड्याला गज नकोत, बसल्या जागेवरून शिवार दिसलं पाहिजे, हा हट्टही माझाच. त्यातली एक बाई जरी खाली गेली तरी मी पुन्हा हुरड्याची आगटी पेटवणार नाही. म्हणून एकच विचारते. आज तो कठडा धरून उभं राहता येईल का? एका शब्दात लिही.

खात जा. तुझी आठवण येते, हे मी लिहिते; ते लिहिणार नाहीत.

मामी


जालना
शुक्रवार, ५ डिसेंबर

ती. मामा आणि मामींस,
सा. न. वि. वि.

पहिली ओळ मामींसाठी: नाही.

पुढचं मामांसाठी. ९ ऑक्टोबरच्या नकाशात कव्हर आणि खांब या दोन्हींत आठ मिलिमीटरचं एकच भोक दाखवलं आहे. ते चूक आहे. चूक माझी. कव्हर चिरलं ते माझ्यामुळे, खांब झुकले ते तुमच्यामुळे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीखाली दुसरी झाकायची नाही. मला हे रविवारीच दिसायला हवं होतं. मला ओरडायची घाई होती.

नकाशा खिशात ठेवायला नको होता. हाच तपशील मी अंबडच्या एका कामासाठी पुढच्या आठवड्यात देणार होते. मामींनी कळवलं नसतं तर तिथेही असाच कठडा उभा राहिला असता आणि तिथे रोज त्याला खांदा लावून बघणारं कोणी नाही. मला वाचवायला गेलात, पण वाचले नसते ते दुसरेच. हे तुमच्या लक्षात आलं नसणार, नाहीतर तुम्ही तसं केलं नसतं.

आता काम. केबल सगळ्या सैल करायच्या. दगडांना बांधलेल्या तारा काढायच्या, आधी वाटेतली. कव्हराचं भोक पंचवीस मिलिमीटरचं करायचं आणि त्यातून स्टीलच्या नळीचा तुकडा थेट लाकडाला टेकवायचा. वॉशर नळीवर बसेल, कव्हराला शिवणार नाही. तिन्ही बाजू मिळून बहात्तर तुकडे लागतात, प्रत्येकी वीस मिलिमीटर लांब. शाहबाजभाईंना मी सांगितलं आहे. ते हसले नाहीत, एवढंच म्हणाले की उशिरा का होईना, बराबर माप आलं. चिरलेलं कव्हर बदलायचं. वरची पट्टी आधी बसवायची. मग मधली केबल, आणि प्रत्येक वेळी पान्हा पाव फेराच फिरवायचा.

मी १३ तारखेला, शनिवारी, सकाळच्या एसटीने येते. रविवारी रात्रीपर्यंत होईल.

मामी, मला आठवण वगैरे लिहिता येत नाही. शनिवारी दोन वेळा जेवीन.

दैवशाला


मळा
रविवार, ७ डिसेंबर

चि. दैवास,
आशीर्वाद, नेहमीपेक्षा थोडे जास्त.

उषाच्या पोटात हुरडा राहतो, गोष्ट राहत न्हाई.

तू लिहिलं ते खरंय. अंबडचं मला माहीत नव्हतं, पण माहीत नसणं हा काही जबाब न्हाई. मला येवढंच वाटलं की माझा मांडव पडला तर लोक म्हणतात, साहेबरावचा मांडव पडला. तुझा कठडा पडला तर म्हणतील, पोरीला कुठं जमतंय. ते मला ऐकायचं नव्हतं. म्हणून मंग मी कावळा मधी घातला.

बाराही तारा ढिल्या केल्या. चुलीच्या वाटेची तार सगळ्यात आधी सोडली. एक दगड उपटला. दुसरा काही केल्या निघंना, तो आता कोंबडीला बसायला दिलाय, कारण पट्टी धुऊन पुसून व्हरांड्यात ठेवलीय. वाटेत तार न्हाई तरी भारतने तिथं आल्यावर पाय उचलला, सवयच लागली त्याला.

शनिवारी ये. मधून सुरू करायचं, मान हलवून न्हाई, तोंडानं हो म्हणतो. फक्त एक अट. ताण पुरा झाला की पान्हा मी वाजवणार. तुझ्या ताण मोजायच्या मापकानं काय सांगायचं ते सांगू दे, माझ्या कानाला बी बोलू दे.

जेवायला काय करू म्हणून उषा विचारून राह्यली. मी म्हणलं, मोजून कर.

तुझा,
मामा


जालना
सोमवार, १५ डिसेंबर

ती. साहेबमामांस,
सा. न. वि. वि. पोचले. मामींनी दिलेला डबा जालन्यापर्यंत उरला नाही.

काल अंधार पडायच्या आत घेतलेली मापं कळवते. डावा खांब दोन मिलिमीटर झुकला आहे, उजवा एक. एवढं चालतं. कडुनिंबाच्या फांदीला कप्पी लावून आपण वरची पट्टी बाहेर ओढली, तेव्हा दोरीला सोयाबीनची दोन पोती अर्धा तास लटकत होती, म्हणजे शंभर किलो. पट्टी सहा मिलिमीटर वाकली आणि पोती काढल्यावर परत जागेवर आली. फटी फार मोठ्या नाहीत ना हे बघायला घेतलेलं नव्वद मिलिमीटरचं मोसंबं दोन केबलच्या मधून मी जोर लावूनही गेलं नाही. ते मोसंबं मामींनी लगेच कापलं, त्यामुळे तो प्रयोग पुन्हा करता येणार नाही.

तुमच्या कानाचा निकाल: पूर्वेच्या बारापैकी अकरा केबलचा ताण तुम्ही बरोबर सांगितला. खालून चौथी सैल होती, ती तुम्हाला सापडली नाही, मापकाला सापडली. अकरा हा आकडा मला अपेक्षित नव्हता.

डेकवर एका वेळी वीसपेक्षा जास्त माणसं नकोत. मामींना मी हे भीत भीत सांगितलं. त्या म्हणाल्या, मग दोन पंगती. एक डेकवर, दुसरी खाली आगटीभोवती, आणि गरम हुरडा आधी खालच्यांना. म्हणजे वरच्या बायकांना आपणहून खाली यावंसं वाटेल आणि कोणाला उठा म्हणायची वेळ येणार नाही. गर्दीचं एवढं सोपं गणित मला ऑफिसात कोणी शिकवलं नव्हतं.

सोबत सुधारलेला नकाशा आहे. अंबडला मी हाच तपशील पाठवणार आहे, जुना रद्द केला. खाली उजव्या कोपऱ्यात दोन चौकटी आहेत. एकीत काढणाऱ्याची सही असते, ती मी केली आहे. दुसरी तपासणाऱ्याची. आमच्याकडे नियम असा की काढणाऱ्याने स्वतःचं काम स्वतः तपासायचं नाही. तो दुसरा माणूस असा लागतो, ज्याला चूक दिसते. ऑक्टोबरमध्ये ती चौकट मी रिकामी सोडली होती, घरचं काम म्हणून.

त्या चौकटीत तुमचं नाव लिहिलं आहे. सही केलेली नाही, ती तुम्ही करायची. शाहबाजभाईंना शेजारी बसवा. प्रत्येक माप प्रत्यक्ष कठड्याशी ताडून बघा. चूक सापडली तर लाल पेनाने गोल करा, मला वाईट वाटेल का याचा विचार न करता. सापडली नाही तरच सही करा. तुमची सही आली की मामींच्या प्रश्नाला मी दुसरा शब्द लिहीन. ती येईपर्यंत पहिलाच शब्द कायम आहे आणि रविवारी डेकवर कोणी चढायचं नाही.

तुमच्या लोभाबद्दल मला शंका नाही. म्हणून लोभ असावा असं न लिहिता एवढंच लिहिते: लाल गोल असो की सही, नकाशा गुरुवार, १८ डिसेंबरपर्यंत परत पाठवावा.

दैवशाला