निळी तुटक रेघ

३ फेब्रुवारी
लेकीला प्लॉट मिळाला! नदीकाठचा, चार नंबरचा. जुन्या नकाशात पुराची निळी तुटक रेघ आहे, तिच्या जरासा वर. नकाशा कचेरीतल्या बाई म्हणाल्या, "काका, तुमच्या काळातली मोजणी ही. डोळे झाकून घर बांधा." जावई हसले — "घरचाच नकाशा की!" 

५ फेब्रुवारी
चहा गार झाला. घोटभरही गेला नाही.

६ फेब्रुवारी
लिहूनच टाकतो. मोजणीत मी पट्टीवाला होतो. साहेब पलीकडच्या काठावर दुर्बीण लावून, मी अलीकडे उंच पट्टी धरून. पुराचा काडीकचरा ज्या झाडाला अडकला होता, तिथे पट्टी उभी करायची. एवढंच काम! पण वर चढ, काटे, आणि पायात नवी चप्पल. मी खालच्याच झुडपाशी उभी केली. साहेबांनी हात हलवला — झालं! आकडा वहीत, वहीतून नकाशात. रेघ पुरुषभर खाली आली. तेव्हा वाटलं, इथे कोण मरायला राहायला येतंय!

९ फेब्रुवारी
लेकीला सांगितलं. आधी तिला चेष्टाच वाटली. मग, "बाबा, आणखी कोणाला बोललात?" नाही म्हटलं. "बोलूही नका. मी बघते." कचेरीत जाऊन नीट सांगेल. हुशार आहे पोरगी. आज दोन घास जास्त गेले.

१४ फेब्रुवारी
लेकीने प्लॉट बदलून घेतला! आता टेकाडावरचा. खालचा शिंप्याला गेला — त्याच्या म्हाताऱ्या आईला चढ झेपत नाही, तो मागतच होता म्हणे. "त्यांचीही सोय झाली, बाबा." कचेरीत सांगितलंस का, विचारलं. "आता तरी सुखाने बसा ना!"

१५ फेब्रुवारी
कचेरीच्या दारातून परत आलो. बाई विचारतील, इतकी वर्षं तोंडाला कुलूप होतं का? काय सांगू?

१९ फेब्रुवारी
शिंपी घरी आला. उद्या पाया घालतोय, पहिला दगड तुम्हीच ठेवा म्हणतो. "ही जमीन तुमच्याइतकी कोणाला ठाऊक, काका?" म्हातारी काठी टेकत बरोबर आलेली. खिडकी नदीकडे हवी, असा तिचा हट्ट. लेक माझ्याकडे बघत होती. येतो म्हणालो.

२० फेब्रुवारी
दगड ठेवला नाही. सगळं सांगून टाकलं. शिंपी ओरडला नाही. एकच विचारलं — "तुमच्या लेकीला माहीत होतं?"
हो म्हणालो.